आंबोलीचा सडा आणि रस्त्यावरचे बेडूक

सडेफटिंग | १४ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मृगाच्या पहिल्या दणक्यात आंबोलीला होतो. धबधब्यासाठी नाही. तिथे शनिवार-रविवारी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेलो होतो बेडूक बघायला. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बेडूक सोसायटीच्या गटारातही आहेत, त्यासाठी आठ तास गाडी कशाला हाणायची?" रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की हा बेडूक सोसायटीच्या गटारात नाही. पुण्यात नाही, महाबळेश्वरातही नाही.

रात्री नऊच्या सुमारास सड्यावर चढलो. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. काळाठिक्कर कातळ, वाळलेलं गवत आणि चटके. पावसाच्या दोन सरी पडल्या की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं. पाणी म्हणजे किती, तर बशीभर. अशाच एका बशीच्या काठावर तो बसला होता. अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, मातकट रंगाचा आणि कुशीवर पिवळे-काळे पट्टे. तो बसला होता ते एका मादीच्या पाठीवर. मादी शांतपणे त्या बोटभर पाण्यात उतरत होती. पाऊस तोंडावर येत होता, चष्मा पुसायला कोरडं काही उरलं नव्हतं, आणि मी पंचेचाळिशीचा माणूस दगडावर पालथा पडून टॉर्च आडवा धरून ते बघत होतो.

हा आंबोली टोड. टोड म्हणजे भेक, बेडकाचा खरबरीत चुलतभाऊ. शास्त्रीय नावातलं 'टायग्रिना' कुशीवरच्या त्या पट्ट्यांमुळे आलं आहे. जगात तो प्रामुख्याने याच परिसरातून नोंदवला गेला आहे.

परतीच्या वाटेवर डांबरी रस्त्याला लागलो, तर पन्नास पावलांत तेच पिवळे पट्टे पुन्हा दिसले. या वेळी सपाट. भिजलेलं पान डांबराला चिकटावं तसे. एक नाही, बरेच. शेजारी चिरडलेले खेकडे आणि कसलातरी लहान साप. दोन तासांपूर्वी आम्हीही याच रस्त्याने आलो होतो. साठच्या वेगाने, गाणी लावून, काचा बंद करून.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जंगल वाचवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं येतात. झाड तोडलं की बातमी होते. सड्यावर झाडच नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलेलं असतं. प्लॉट पाडायचे, रिसॉर्टचं पार्किंग करायचं, चिरेखाण काढायची, तर सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते, कारण 'तिथे काही नाहीच'. या भेकाचं बाळंतपण मात्र त्या 'काही नाही'च्या बशीभर पाण्यातच होतं. बरं, बशी वाचली तरी तिथवर येताना मध्ये रस्ता आहेच.

काय करता येईल? जाणकारांनी लिहावं. फोटो टाकलेत.

---

खारूताई | १४ जून, रात्री ११.१५

फोटो दिसत नाहीयेत. फक्त चौकोन येतोय.

---

सडेफटिंग | १४ जून, रात्री ११.२२

पुन्हा चढवले. आता बघा.

---

खारूताई | १४ जून, रात्री ११.३०

दिसले! अय्या, किती गोड आहे. शेवटचा फोटो मात्र नको होता. झोप उडाली.

---

चतुर | १५ जून, सकाळी ८.०५

धाग्याबद्दल आभार. थोडी भर घालतो.

या भेकाचं वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वेळी त्याच्यासाठी झँथोफ्रायनी ही नवी प्रजातीही (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) मांडली गेली. त्या प्रजातीत जाती दोनच. दुसरी कोयनेची. तिचं वर्णन १९६३ मध्येच झालं होतं, पण तेव्हा तिला साध्या भेकांच्या घोळक्यात टाकलं होतं. म्हणजे दोघी बहिणी सह्याद्रीतल्या, आपल्याच राज्यातल्या. आंबोलीची बहीण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. लाल यादीत त्याच्या वरची पायरी थेट 'जंगलातून नामशेष'.

सड्याचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात. २०१४ मध्ये आंबोलीहून आणखी एक बेडूक जगापुढे आला, इंदिराना चिरावासी. नावातच पत्ता आहे, चिरेत राहणारा. जांभ्याच्या भेगांमध्ये हे महाशय राहतात. या इंदिराना गटाची पिल्लं डबक्यात पोहत बसत नाहीत, ओल्या कातळावर चिकटून सरपटतात. झुडपांवर 'टक टक' करणारे चिमुकले बेडूक त्याहून अवली. त्यांना डबकंच लागत नाही. अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न निघता थेट तांदळाएवढा तयार बेडूक बाहेर पडतो. आणि उडता बेडूक, तो हिरवागार, लाल पडद्यांच्या बोटांचा, पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं बांधतो. पिल्लं तयार झाली की खाली टपाटप पाण्यात.

एका गावाच्या हद्दीत बाळंतपणाच्या इतक्या तऱ्हा. याला कारण पाऊस. जवळपास सातशे मीटर उंची, समोर थेट समुद्राकडून येणारे ढग, आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी.

आणि एक प्राणी, जो दिसला तरी ओळखू येत नाही: देवगांडूळ. बेडकांचाच बिनपायाचा नातेवाईक, मातीत राहतो. गेगेनिओफिस डॅनिएली ही त्यांतली जात २००३ मध्ये आंबोलीहूनच वर्णन केली गेली. लोक सापाचं पिल्लू समजून ठेचतात.

---

रोखठोक_९० | १५ जून, सकाळी ९.४०

लेख छान, पण मला स्पष्ट बोलायची सवय आहे. त्या घाटात दरवर्षी माणसं मरतात, दरडी कोसळतात, रस्त्याला खड्डे. आणि चर्चा बेडकांची? शहरातले लोक दोन दिवस जाणार, फोटो काढणार आणि गावाने विकास करायचा नाही म्हणून सांगणार. हलकेच घ्या.

---

सडेफटिंग | १५ जून, सकाळी १०.१०

हलकेच घेतलं. पण मी विकास नको असं कुठे लिहिलंय? जून-जुलैतल्या मोजक्या ओल्या रात्री, ठरावीक दोन-तीन किलोमीटरचा पट्टा, तिथे तीसच्या वेगाने चला, एवढंच म्हणणं आहे. धुक्यात तीसने गेलात तर माणसंही कमी मरतील.

---

आंबोलकर_भिजलेला | १५ जून, दुपारी २.३०

मी गावचा. नेटवर्क आलं म्हणून लिहितो, मध्येच गेलं तर समजून घ्या.

चतुर यांनी देवगांडुळाचं लिहिलं म्हणून आठवलं. पावसात आमच्या परड्यात माती उकरली की निघायचं, काळपट-जांभळं, तेल लावल्यासारखं. मी लहानपणी काठी उचलली तर आजी ओरडली, "मारू नको रे, तां देवाचा गांडूळ!" का देवाचं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईने तिला तसंच सांगितलं होतं. शास्त्रज्ञ आले २००३ ला, आजी त्याच्या कितीतरी आधीची.

आता थोडं कडू. पाहुणे मंडळी येतात, सडा वाचवा म्हणतात. सडा कोणाचा ते माहीत आहे का? आंबोली, गेळे, चौकुळ ही कबुलायतदार गावकर पद्धतीची गावं. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून जमीन सामायिक, गावाची. पुढे त्या जमिनीला सरकारचं नाव लागलं. कितीतरी वर्षं आम्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय. कसतो त्या जमिनीवर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही, घराचं काम काढायचं तर अडचण. त्यात बाहेरचा येऊन सांगतो, इथे काही करू नका, बेडूक आहे. डोकं फिरेल की नाही?

बेडकावर राग नाही आमचा. आमच्याच चार पोरांनी रात्री पाहुण्यांना बेडूक-साप दाखवायचं काम धरलंय, त्यावर पावसाळ्यात घर चालतं. बेडूक संपला तर आमचंच दुकान बंद. पण आम्हाला विचारून करा म्हणणं आहे.

आणि रात्री रस्ता बंद करा असं कोणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो. आमचा पेशंट सिरीयस झाला तर सावंतवाडी, नाहीतर गोव्यातली बांबोळी, मोठ्या सरकारी इस्पितळात. तीही याच घाटाने.

---

चतुर | १५ जून, संध्याकाळी ७.००

तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त एक गैरसमज होऊ नये म्हणून: आंबोली-दोडामार्गचा जो सुमारे ५७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये जाहीर झाला, तो 'संवर्धन राखीव' आहे, अभयारण्य नाही. तो सरकारी जमिनीवर असतो, आणि लोकांच्या हक्कांना त्याने बाधा येत नाही. त्याआधी २०२० मध्ये तिलारीचा सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचा झाला होता. राधानगरी-चांदोलीकडून गोवा-कर्नाटकाच्या जंगलांकडे वाघांची जी ये-जा होते, तिच्या वाटेतले हे तुकडे.

पण गंमत बघा. हे सगळं वाघाच्या पावलांमागे आखलेलं. वाघ दहा-पंधरा किलोमीटर एका रात्रीत चालून जातो. या भेकाचं सगळं जग एका सड्यावर संपतं. नकाशात जंगल हिरवं दिसतं, सडा पांढरा. वाघाची वाट आखताना पांढरा ठिपका सुटला तरी वाघाला फरक पडत नाही.

---

रोखठोक_९० | १५ जून, संध्याकाळी ७.२५

हा पांढऱ्या ठिपक्याचा मुद्दा आवडला. बाकी मतं कायम.

---

मांडवीकाठ | १५ जून, रात्री ९.१५

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे पहिला पाऊस म्हणजे 'जंपिंग चिकन'. मोठे पिवळेजर्द बेडूक शेतात ओरडायला लागले की लोक गोण्या आणि बॅटऱ्या घेऊन निघतात. नर बिचारे मादीला बोलवायला ओरडतात आणि त्याच आवाजावर पकडले जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तरी पावसाळ्यात चोरून चालतंच. माझ्या मामांकडे लहानपणी मी स्वतः खाल्लंय, खोटं कशाला बोलू. आता शेतात जून महिना पूर्वीपेक्षा गप्प असतो असं मामाच सांगतात.

आंबोलीत हे चालतं का?

---

आंबोलकर_भिजलेला | १५ जून, रात्री ९.५०

हा तुमचा भेक खायला त्यात आहे काय, अंगठ्याएवढा! आम्ही बॅटरी घेऊन निघतो ते कुर्ल्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी. पहिल्या पावसात कुर्ल्यांचं कालवण झालं नाही तर पावसाळा लागला असं वाटतच नाही. आता कुर्ल्यांबद्दल काढू नका कोणी ;)

---

एडिसनचा_वाटसरू | १६ जून, सकाळी ६.४०

न्यू जर्सीहून. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या जवळच ईस्ट ब्रन्सविकमध्ये बीकमन रोड नावाचा रस्ता आहे. थंडी सरताना, साधारण मार्चमध्ये, पहिला उबदार पाऊस पडला की रानातले ठिपकेवाले सॅलमँडर (बेडकांचे शेपटीवाले नातेवाईक) आणि बेडूक तो रस्ता ओलांडून पलीकडच्या तात्पुरत्या डबक्यांकडे जातात. त्या ठरावीक रात्री तिथली नगरपालिका चक्क रस्ता बंद करते. लोक मुलाबाळांसकट छत्र्या आणि टॉर्च घेऊन बघायला जातात. आम्हीही गेलो होतो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, एक सॅलमँडर रस्ता ओलांडेपर्यंत वीस मिनिटं उकिडवी बसून राहिली होती. हलली नाही.

तात्पुरती डबकी, पहिला पाऊस, मध्ये रस्ता. गोष्ट तीच.

---

रोखठोक_९० | १६ जून, सकाळी ९.००

आला अमेरिकेचा दाखला. वाटच बघत होतो.

---

आंबोलकर_भिजलेला | १६ जून, दुपारी १.१०

ऐकायला बरं वाटलं. पण तो गल्लीतला रस्ता असणार. आमचा घाटरस्ता म्हणजे सावंतवाडी ते बेळगाव-कोल्हापूरची वाहतूक. ट्रक, एसट्या, गोव्याहून परतणाऱ्या गाड्या. तो बंद होत नसतो.

मात्र सगळे भेक हमरस्त्यावरच मरतात असंही नाही. आतले रस्ते आहेत, चौकुळकडचा, हिरण्यकेशीकडचा. तिथे रात्री दहानंतर गाडी फिरते ती बहुतेक हॉटेलातल्या पाहुण्यांची, 'चल जरा धुकं बघून येऊ' वाली. तिथे काहीतरी जमू शकेल. हॉटेलवाल्यांनीच चेक-इन करताना सांगायचं, रात्री फिरायचं तर पायी फिरा.

---

क्लिकक्लिकाट | १६ जून, दुपारी ४.३५

छायाचित्रकारांना या धाग्यात अजून कोणी शिव्या घातल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतंय. मी तिकडे आठ पावसाळे जातोय, म्हणून आमच्या जमातीचं मीच सांगतो.

मलबार चापडा हा साप पावसाळ्यात कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर तासन्‌तास एकाच जागी बसतो. हिरवा असतो, पिवळा असतो, तपकिरीही असतो. मागे एकदा एका पिवळ्याला बघायला गेलो, तर आधी आलेल्या टोळक्याने त्याला आकडीने उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवला होता. मागे धुकं दिसावं म्हणून. दहा-बारा जण, प्रत्येकाचे दोन फ्लॅश. पाऊस थांबला तर एकाने फवारणीची बाटली काढली. झाडबेडकाला पानावरून उचलून शेवाळावर ठेवणं तर नेहमीचं. नर ओरडत असतो तेव्हा उचललं की त्या रात्रीचं त्याचं लग्न मोडलं.

मी हे कधी केलं नाही असं म्हणणार नाही. पहिल्या वर्षी केलं. तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे आणि काढवतही नाही.

---

खारूताई | १६ जून, संध्याकाळी ५.१०

प्रामाणिक प्रतिसाद. +१

मला एक शंका आहे. रस्त्यावर जिवंत बेडूक दिसला तर उचलून बाजूला ठेवावा की नाही?

---

चतुर | १६ जून, रात्री ८.२०

शक्यतो हात लावू नये. गाडी थांबवून दिवे मंद करा आणि त्याला जाऊ द्या. अगदीच गाडी येत असेल तर ओल्या हाताने, ज्या दिशेला तोंड होतं त्याच बाजूला सोडा. उलट्या बाजूला ठेवलंत तर तो पुन्हा रस्ता ओलांडणार.

ओला हात का, तर बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीनेच पितो. हाताला डास पळवायचं मलम असेल तर ते थेट त्याच्या अंगात जातं. दुसरं कारण कायट्रिड नावाची बुरशी. जगभर बेडकांच्या कितीतरी जाती तिने संपवल्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती असल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे अजून तशी साथ दिसलेली नाही. पण एका डबक्यातला चिखल बुटांना लावून दुसऱ्या सड्यावर जाऊ नका. बूट धुवा, पूर्ण वाळवा. आंबोलीत जूनमध्ये बूट वाळवणं हा विनोद आहे, कल्पना आहे मला.

---

मांडवीकाठ | १६ जून, रात्री ९.०५

हिरण्यकेशीचा उल्लेख आला म्हणून विचारते, तो मासा तिथलाच ना?

---

चतुर | १६ जून, रात्री ९.४०

हो. शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये वर्णन झालं. नदी जिथून उगम पावते तिथे गुहेत महादेवाचं देऊळ आहे, त्या परिसरातल्या पाण्यात तो सापडला. २०२१ मध्ये ती सव्वादोन हेक्टरांहूनही लहान जागा राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिकडे दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला रानटी जायफळाची दलदल आहे, झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलाबाहेर वाकलेली. तीही देवराईच्या रूपाने गावाने राखलेली, आणि तीही वारसा स्थळ झाली.

दोन्ही ठिकाणी सरकार नंतर आलं, देव आधी होता. अडचण अशी, की सड्यावर देव नाही. राई असते, कुंड असतं, पण उघड्या कातळाला कोणी राखणदार नेमलेला नाही.

---

आंबोलकर_भिजलेला | १६ जून, रात्री १०.१५

नाही कसा? आमच्याकडे राखणदार सगळ्या शिवाराचा असतो, सड्यासकट. नारळ सड्यावर फोडत नाहीत एवढंच.

---

चतुर | १६ जून, रात्री १०.२०

चुकलो. मागे घेतो.

---

सडेफटिंग | १७ जून, सकाळी ७.५०

आंबोलकर, हॉटेलवाल्यांनी सांगायची कल्पना मला सगळ्यात पटली. एक चिठ्ठी करू या का? चार ओळी, भेकाचं चित्र, रिसेप्शनवर लावायला. मजकूर इथेच ठरवू. 'अतिसंकटग्रस्त' वगैरे नको, कोणी वाचणार नाही.

---

क्लिकक्लिकाट | १७ जून, सकाळी ८.३०

फोटो माझा घ्या. उचलून न ठेवलेला.

---

रोखठोक_९० | १७ जून, सकाळी ९.१५

"रात्री गाडी काढू नका. धुक्यात तुम्हालाही दिसत नाही, आणि तो तर अंगठ्याएवढा आहे." हे लिहा. पैसे नको, नाव नको.

---

सडेफटिंग | १७ जून, सकाळी ९.२०

रोखठोक, दंडवत.

---

आंबोलकर_भिजलेला | २१ जून, सकाळी ६.३०

मध्ये तीन दिवस लाइट नव्हती. काल रात्री परत पाऊस आला, तसे आम्ही चौघे टॉर्च घेऊन उतारावर उभे राहिलो. चिठ्ठी दोन हॉटेलांत लावली, तिसऱ्याने 'मालकांना विचारतो' म्हणून ठेवून घेतली.

अकराच्या सुमारास एक ट्रक आला, आजऱ्याकडचा. आम्ही टॉर्च हलवला तसा थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली. "काय शोधायलाय रं?"

म्हटलं, बेडूक.

"खायला का इकायला?"

म्हटलं, दोन्हीला नाही, रस्ता ओलांडून देतोय. तो थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग क्लीनरला म्हणाला, "उतर खाली, बघ जरा चाकाफुडं." क्लीनर भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन उतरला आणि वळणापर्यंत ट्रकच्या पुढे पुढे चालत गेला.